दुखापतीने तुटलेली लढत पुन्हा व्हावी का?

२०२४ मध्ये यूएफसी या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढतींच्या आयोजक कंपनीच्या दोन रात्रींनी एका जुन्या वादाला नव्याने तोंड फोडलं. २४ फेब्रुवारीला मेक्सिको सिटीत एकाच कार्यक्रमात दोन फेरलढती झाल्या: ब्रायन ऑर्टेगा विरुद्ध याईर रोद्रिगेझ, आणि ब्रँडन मोरेनो विरुद्ध ब्रँडन रॉयव्हल. दोन्ही जोड्यांची पहिली गाठ खांदा निखळल्याने संपली होती. पाच महिन्यांनी, २७ जुलैला मँचेस्टरमध्ये आणखी दोन. टॉम ॲस्पिनॉल आणि कर्टिस ब्लेड्स यांची पहिली लढत गुडघ्याच्या दुखापतीने अवघ्या १५ सेकंदांत आटोपली होती. लिऑन एडवर्ड्स आणि बेलाल मुहम्मद यांची लढत डोळ्यात बोट गेल्याने दुसऱ्या फेरीच्या अठराव्या सेकंदाला थांबली होती. अमेरिकी प्रेक्षकांच्या सोयीसाठी मँचेस्टरचा मुख्य कार्यक्रम तिथल्या पहाटे तीनला सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती.

या चार लढतींचे निकाल असे लागले. पहिल्या वेळी सांधा निखळून किंवा गुडघा जाऊन हरलेले तिघेही, ऑर्टेगा, रॉयव्हल आणि ॲस्पिनॉल, दुसऱ्या वेळी जिंकले. ज्याच्या डोळ्यात बोट गेलं होतं तो मुहम्मद तर वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. हे पाहून पुष्कळांचं मत झालं की दुखापतीने संपलेली लढत म्हणजे न झालेली लढत, आणि हरलेल्याला दुसरी संधी मिळालीच पाहिजे.

हे मत मला सरसकट मान्य नाही. दुखापत झाली एवढ्याने कुणाचा फेरलढतीवर हक्क तयार होत नाही. दुखापत कोणी केली, आणि ती होईपर्यंत त्या लढतीने आपल्याला किती सांगितलं होतं, या दोन गोष्टींवर तो हक्क ठरायला हवा. शिवाय वरच्या निकालांतून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. फेरलढत त्यालाच मिळते जो शस्त्रक्रियेतून उठून पुन्हा पहिल्या फळीत उभा राहतो. जो उठलाच नाही, किंवा उठला पण आधीचा राहिला नाही, तो या हिशेबात येतच नाही.

आधी नियम. एमएमएच्या युनिफाइड रूल्सप्रमाणे वैध फटक्यामुळे, वैध डावामुळे किंवा खेळाडूच्या स्वतःच्या हालचालीमुळे दुखापत झाली आणि तो पुढे लढू शकला नाही, तर समोरचा तांत्रिक नॉकआउटने विजयी. दुखापत नियमबाह्य कृतीने झाली तर ती कृती मुद्दाम होती की अनवधानाने, हे पंच ठरवतात. मुद्दाम असेल तर करणारा बाद. अनवधानाने असेल आणि लढत फार पुढे गेलेली नसेल तर ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे निकालच नाही. तीन फेऱ्यांच्या लढतीत दोन, पाच फेऱ्यांच्या लढतीत तीन फेऱ्या पूर्ण झालेल्या असतील तर मग गुणांवर निर्णय होतो.

या नियमात एक मोठी फट दिसते. प्रतिस्पर्ध्याने नडगी मोडली काय आणि मागे सरकताना स्वतःचाच गुडघा वळला काय, नोंद एकच: तांत्रिक नॉकआउट. त्यामुळे पहिल्या मिनिटात आपोआप झालेल्या दुखापतीलाही ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणावं, अशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य केली तर मोठं नुकसान होईल असं मला वाटतं. पहिल्याच मिनिटात जबर ठोसा खाल्लेल्या माणसाला मग ‘माझा गुडघा गेला’ असं म्हणून पराभव टाळता येईल, आणि पिंजऱ्यात उभ्या पंचाला खरं-खोटं ठरवण्याचं काही साधन नाही. नियम आहे तोच राहू द्यावा. त्या नियमाने कुणावर अन्याय झाला असेल तर तो दूर करायची जागा फेरलढत ही आहे.

आता नडगीच्या लाथेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भावना तिथे उसळतात. २८ डिसेंबर २०१३, लास वेगास, यूएफसी १६८. अँडरसन सिल्व्हा अनेक वर्षं मिडलवेटचा अजिंक्य राजा होता, आणि त्याच जुलैमध्ये क्रिस वाइडमनने त्याला नॉकआउट करून पट्टा घेतला होता. दुसऱ्या लढतीच्या दुसऱ्या फेरीत सिल्व्हाने डाव्या पायाची लाथ मारली, वाइडमनने गुडघा उचलून ती अडवली आणि सिल्व्हाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. पाय लोंबकळताना ज्यांनी पाहिला ते ते दृश्य विसरू शकत नाहीत. सिल्व्हावर प्रेम करणाऱ्यांनी तेव्हाच म्हटलं की हा अपघात, याला पराभव कसं म्हणायचं? पण वाइडमन आणि त्याचे प्रशिक्षक रे लाँगो यांनी नेमका हाच बचाव घोटून घेतला होता. आधीच्या लढतीत सिल्व्हाच्या लाथा त्याला लागल्या होत्या, म्हणून लाथ येताच नडगीच्या वाटेत गुडघ्याचं कठीण हाड आणायचं, हे ठरवून शिकलेलं होतं. हाड मोडेल अशी अपेक्षा कुणी केली नसेल, पण लाथ मारणाऱ्याला ती महाग पडावी हाच त्या बचावाचा हेतू असतो. त्यात पहिल्या फेरीत वाइडमनने सिल्व्हाला खाली पाडून बेदम मारलं होतं. तिसरी लढत झाली नाही, आणि ती न होणं योग्यच होतं.

त्याच वाइडमनवर २४ एप्रिल २०२१ ला जॅक्सनव्हिलमध्ये तशीच वेळ आली. युरायह हॉलविरुद्ध त्याने पहिलीच लाथ मारली, हॉलने पाय उचलून ती अडवली आणि वाइडमनचा उजवा पाय मोडला. लढत १७ सेकंद चालली. हॉलने एकही ठोसा किंवा लाथ मारलेली नव्हती. इथे माझी पहिली कसोटी एका दिशेला ओढते आणि दुसरी दुसऱ्या. अडवलेली लाथ हे कौशल्य आहे, त्यामुळे विजय हॉलचा, यात शंका नाही. पण १७ सेकंदांत दोघांपैकी श्रेष्ठ कोण, याबद्दल काहीही कळलं नाही. वाइडमन लगेच परतला असता तर मी फेरलढतीच्या बाजूने उभा राहिलो असतो. तो परतला ऑगस्ट २०२३ मध्ये, दोन वर्षांहून अधिक काळ आणि अनेक शस्त्रक्रियांनंतर. तोवर हॉल निवृत्त झाला होता.

कॉनर मॅकग्रेगरचं प्रकरण मात्र मला अजिबात अवघड वाटत नाही. १० जुलै २०२१ ला, यूएफसी २६४ मध्ये, डस्टिन पोरिएविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत पहिली फेरी संपता संपता त्याचा डावा पाय मोडला. डॉक्टरांनी लढत थांबवली. मॅकग्रेगरने पिंजऱ्यात बसूनच ठणकावलं की हे संपलेलं नाही. पायात आधीपासून बारीक भेगा होत्या, असंही त्याच्याकडून पुढे आलं. पोरिएचं म्हणणं होतं की आपण अडवलेल्या लाथेने ते हाड तडकलं. यातलं खरं काय ते क्ष-किरणांनाही कदाचित सांगता येणार नाही, आणि फेरलढतीसाठी ते कळायची गरजही नाही. पोरिएने त्या फेरीत मॅकग्रेगरला खाली दाबून ठेवून मनसोक्त ठोसे आणि कोपरं मारली होती. त्याच वर्षी जानेवारीत अबू धाबीत त्याने त्याला नॉकआउटही केलं होतं. दोघांमधल्या प्रश्नाचं उत्तर पाय मोडण्याआधीच मिळालं होतं. चौथ्या लढतीची भाषा पैशाची होती. पैशासाठी लढत लावण्यात पाप नाही, पण ‘मॅकग्रेगरचा तो हक्क आहे’ असं म्हणणं म्हणजे पोरिएने त्या पाच मिनिटांत केलेलं काम पुसून टाकणं.

खांद्याची प्रकरणं नाजूक असतात. १६ जुलै २०२२ ला लाँग आयलंडवर रोद्रिगेझने खालून ऑर्टेगाच्या हाताला डाव लावला, ऑर्टेगाने हात हिसकून सोडवला आणि त्या हिसक्यात त्याचा खांदा निखळला. अधिकृत नोंद झाली ती खांद्याच्या दुखापतीने तांत्रिक नॉकआउट अशी, डावाने शरण अशी नाही. रोद्रिगेझच्या चाहत्यांना ही नोंद अन्यायाची वाटते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हात ओढायची वेळ आली ती डाव लागला म्हणूनच. तरीही ही फेरलढत व्हायला हवी होती, असं माझं मत आहे. ती पाच फेऱ्यांची लढत होती आणि थांबेपर्यंत एक फेरीही पुरी झाली नव्हती. मेक्सिकोतल्या फेरलढतीत नाव पुकारलं जात असताना उडी मारून ऑर्टेगाने घोटा मुरगळला. मग पहिल्या फेरीत तो खाली पडला, मार खाल्ला, आणि तिसऱ्या फेरीत रोद्रिगेझला गळ्याच्या पकडीत शरण आणलं. दुखापत कुठल्याही क्षणी होऊ शकते, आणि तिच्यासह लढता येतं किंवा येत नाही, हे दोन्ही त्या एका जोडीने दाखवलं.

मोरेनो आणि रॉयव्हलची पहिली लढत नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या फेरीचा एक सेकंद उरला असताना थांबली होती. जमिनीवरच्या झटापटीत रॉयव्हलचा खांदा गेला आणि मोरेनोने वरून ठोसे लगावले. त्यांची फेरलढत मात्र कुणी न्याय म्हणून लावलेली नव्हती. मेक्सिको सिटीत मोरेनोची गाठ अमीर अल्बाझीशी ठरली होती. अल्बाझी जखमी झाला म्हणून रॉयव्हलला बोलावलं गेलं. तो पंचांच्या विभागलेल्या कौलाने जिंकला.

याच्या उलट टोकाला टी. जे. डिलशॉ. ऑक्टोबर २०२२ मध्ये अबू धाबीत अल्जमेन स्टर्लिंगविरुद्ध त्याचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला. लढतीनंतर त्याने स्वतःच सांगितलं की सरावात तो खांदा कितीतरी वेळा निखळला होता आणि पंचांनाही त्याने तशी कल्पना दिली होती. जो माणूस मोडका सांधा घेऊन जगज्जेतेपदाच्या लढतीला उतरतो, त्याने एका निरोगी स्पर्धकाची संधी अडवलेली असते. त्याला फेरलढत मागता येत नाही. डिलशॉने मागितलीही नाही, तो निवृत्त झाला.

माझ्या दोन कसोट्या जिथे अगदी स्वच्छ उमटतात ती जोडी जुनी आहे. ३१ जानेवारी २००४, यूएफसी ४६. रँडी कूचर लाइट हेवीवेटचा विजेता, आव्हान व्हीटर बेलफोर्टचं. बेलफोर्टचा एक ठोसा ओझरता गेला आणि त्याच्या हातमोज्याच्या शिवणीने कूचरच्या पापणीची कड फाटली. ४९ सेकंदांत लढत थांबली, पट्टा बेलफोर्टकडे गेला. नियमाने ते चूक नव्हतं, ठोसा वैध होता. पण शिवणीने कापलेल्या पापणीवरून जगज्जेता बदलावा, हे कुणालाच रुचलं नाही, आणि सात महिन्यांच्या आत, २१ ऑगस्टला फेरलढत लागली. कूचरने तीन फेऱ्या बेलफोर्टला पिंजऱ्याला आणि जमिनीला रगडलं. तिसरी फेरी संपल्यावर डॉक्टरांनी लढत थांबवली, आणि थांबवण्याचं कारण पुन्हा चेहऱ्यावरची जखमच होती, या वेळी बेलफोर्टच्या. दोन्ही लढती जखमेने संपल्या, पण दुसरीनंतर फेरलढत कुणी मागितली नाही. पहिली लढत संपली तेव्हा काहीच कळलेलं नव्हतं, दुसरी संपली तेव्हा सगळं कळलेलं होतं.

२ नोव्हेंबर २०१९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होर्हे मास्विडाल आणि नेट डियाझ यांची लढत तिसऱ्या फेरीनंतर डॉक्टरांनी जखमेमुळे थांबवली, तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. डियाझ उशिरा रंगात येणारा, हे खरं. पण तीनही फेऱ्यांत मास्विडालचं वर्चस्व होतं. २०२४ मध्ये दोघं बॉक्सिंगमध्ये भिडले, डियाझ जिंकला, आणि त्याने जुन्या लढतीबद्दल काहीही सिद्ध झालं नाही.

नियमबाह्य कृतीने लढत तुटली तर मला फार विचार करावा लागत नाही: फेरलढत व्हावी, आणि लवकर व्हावी. सप्टेंबर २०१९ मध्ये मेक्सिको सिटीत रोद्रिगेझचं बोट जेरेमी स्टीव्हन्सच्या डोळ्यात गेलं, १५ सेकंदांत लढत रद्द झाली, चिडलेल्या प्रेक्षकांनी पिंजऱ्याकडे वस्तू फेकल्या. महिन्याभरात बोस्टनला ती पुन्हा झाली. असंच व्हायला हवं. एडवर्ड्स आणि मुहम्मद यांना मात्र मार्च २०२१ पासून जुलै २०२४ पर्यंत थांबावं लागलं. मुहम्मद त्या काळात जिंकत राहिला म्हणून त्याला न्याय मिळाला, एखादी लढत हरला असता तर तो प्रश्न तसाच पुरला गेला असता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत सिरिल गानचं बोट डोळ्यात गेल्याने ॲस्पिनॉलची हेवीवेट जेतेपदाची लढत पहिल्या फेरीतच निकालाविना संपली. पट्टा ॲस्पिनॉलकडे राहिला, पण तोवर गान चांगला लढत होता, आणि त्यालाही त्या फेरीचं पुढचं उत्तर मिळायला हवं.

आपल्याकडच्या कुस्तीप्रेमींना हा सगळा वाद जरा परका वाटेल, कारण स्पर्धेच्या कुस्तीत फेरलढत नावाची सोयच नाही. रिओ ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट चीनच्या सुन यानानविरुद्ध गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली, आणि विषय संपला. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघी समोर आल्या त्या सोडतीमुळे, आणि विनेशने तिला हरवलं. पॅरिसमध्ये निशा दहिया मोठी आघाडी घेऊन हात दुखावल्यामुळे हरली, तिलाही कुणी पुन्हा बोलावलं नाही. स्पर्धेत पुढची फेरी वाट पाहत असते. एमएमएत सोडत नाही, फेऱ्यांचं वेळापत्रक नाही. कोण कुणाशी लढणार हे आयोजक कंपनी ठरवते. तिथे फेरलढत देता येते, म्हणूनच ती कुणाला द्यायची हा नैतिक प्रश्न उभा राहतो.

आणि तो फक्त दोघांचा प्रश्न नसतो. यूएफसीच्या अनेक करारांत उतरण्याचे पैसे वेगळे आणि जिंकण्याचे वेगळे असतात. गुडघा वळून हरलेला खेळाडू ते जिंकण्याचे पैसे गमावतो आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षभर कमाईही गमावतो. जिंकलेल्याचाही हा विजय पुरेसा मानला जात नाही. जुलै २०२२ मध्ये लंडनला ब्लेड्सचा विजय नोंदला गेला, पण त्याला पुढे रांगेत फारसा भाव मिळाला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तो सर्गेई पाव्हलोविचकडून हरला. ॲस्पिनॉलने परतून मार्चिन टिबुराला ७३ सेकंदांत आणि मग पाव्हलोविचलाच ६९ सेकंदांत पाडून अंतरिम पट्टा मिळवला. ब्लेड्सने मार्च २०२४ मध्ये जैल्टन अल्मेडाला नॉकआउट करून पुन्हा दावा सांगितला. म्हणून मँचेस्टरची फेरलढत कुणाची जागा अडवून लावलेली नव्हती, दोघांनी ती आपापल्या वाटेने कमावली होती. ॲस्पिनॉलने ती एका मिनिटात संपवली. मला हाच मार्ग उत्तम वाटतो: दुखापत स्वतःच्या हालचालीने झाली असेल तर लगेच पुन्हा भिडवू नये, दोघांनी मधे लढावं, आणि दोघं वर राहिले तर त्यांची गाठ सगळ्यात आधी लावावी.

पण फार उशीरही घातक. मॉरिसिओ ‘शोगन’ हुआ २६ फेब्रुवारी २००६ ला जपानमध्ये प्राइडच्या रिंगणात मार्क कोलमनविरुद्ध उतरला तेव्हा तो ऐन भरात होता. कोलमनने त्याला खाली आणताना शोगनने हात टेकला, हात जायबंदी झाला आणि ४९ सेकंदांत लढत संपली. त्यानंतर रिंगणात दोन्ही गटांची जी मारामारी झाली ती लढतीपेक्षा जास्त चालली. फेरलढत झाली जानेवारी २००९ मध्ये डब्लिनला. कोलमन ४४ वर्षांचा, शोगन गुडघ्याच्या शस्त्रक्रियांतून नुकताच उठलेला, दोघंही धापा टाकत होते. शेवटच्या फेरीची २४ सेकंदं उरली असताना शोगन जिंकला. २००६ च्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, कारण २००६ चे दोघंही तिथे नव्हते.

सगळ्यात जास्त हळहळ मला वाटते ती न झालेल्या एका फेरलढतीची. १५ मार्च २०१४ ला डॅलसमध्ये कार्लोस काँडिट आणि टायरन वुडली भिडले. पहिली फेरी रंगली होती, दोघांचे डाव उलगडत होते. दुसऱ्या फेरीत वुडलीची लाथ पायावर बसली आणि त्याच क्षणी काँडिटचा गुडघा वळून तो कोसळला. ती दुखापत लाथेने केली की वळण्याने, यावर आजही दोन मतं आहेत. काँडिट वर्षाहून अधिक काळ बाहेर होता. परतल्यावर तो पुन्हा वर चढला आणि २ जानेवारी २०१६ ला जगज्जेत्या रॉबी लॉलरशी पाच फेऱ्या लढला. तिन्ही पंचांचा आकडा ४८-४७, दोघांनी लॉलरला दिला, एकाने काँडिटला. जवळपास सात महिन्यांनी, ३० जुलैला, त्याच लॉलरला पहिल्या फेरीत नॉकआउट करून पट्टा नेला तो वुडलीने. त्या जानेवारीच्या रात्री आणखी एका पंचाने एक फेरी काँडिटला दिली असती, तर वुडलीसमोर आव्हान स्वीकारायला विजेता म्हणून काँडिट उभा असता.